ठाण्याचे दोन आकडे आणि तीस तासांचा अभ्यासक्रम

पालघर जिल्ह्यातील एका अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयाच्या ग्रंथपाल लिहितात :

‘प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी माहिती साक्षरतेचा (म्हणजे माहिती शोधणे, पारखणे व नीट वापरणे यांचा) तीस तासांचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम तयार करण्याचे काम प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवले आहे. मी बारा घटकांचा आराखडा केला असून (तो सोबत जोडला आहे) व्याख्या व इतिहास, ग्रंथालयाची ओळख, ओपॅक (ग्रंथालयातील पुस्तकांची संगणकीय तालिका), एन-लिस्ट (महाविद्यालयांसाठीची ई-पुस्तके व ई-नियतकालिके), शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे संकेतस्थळ) अशा आठ घटकांच्या चित्रफितीही तयार आहेत. गेल्या सत्रात साठ विद्यार्थ्यांवर प्रयोग करून पाहिला. शेवटच्या चाळीस बहुपर्यायी प्रश्नांच्या चाचणीत बहुतेकांना पस्तीसच्या वर गुण मिळाले. मात्र त्याच मुलांचे प्रकल्प भूगोलाच्या सरांनी मला दाखवले, तेव्हा पानेच्या पाने जशीच्या तशी उतरवलेली दिसली आणि दोघांच्या संदर्भसूचीतील पुस्तके तर कोठेच सापडेनात. बहुतेक मुलांकडे केवळ मोबाइल आहे आणि गावात गेल्यावर त्यालाही नीट रेंज नसते. माझे कोठे चुकते आहे?’

सप्रेम नमस्कार,

चाचणीतले पस्तीस गुण आणि प्रकल्पातली उतरवलेली पाने यांत तुम्हाला विसंगती वाटते, मला वाटत नाही. चाचणीने विचारले की ओपॅक म्हणजे काय आणि शोधगंगेवर कोणत्या प्रकारचे साहित्य मिळते. प्रकल्पाने मागितले की एका प्रश्नाचे उत्तर शोधा, ते तपासा आणि आपल्या शब्दांत मांडा. पहिली गोष्ट तुम्ही शिकवलीत आणि मुले ती शिकली. दुसरी तुमच्या बारा घटकांपैकी एकातही प्रत्यक्ष करून घेतलेली नाही. तुमचा आराखडा ग्रंथालयाच्या दालनांप्रमाणे आखलेला आहे, म्हणजे आधी हे दालन, मग ते, मग पलीकडचे. हीच चूक मी स्वतः बरीच वर्षे केली आहे, म्हणून ती मला लगेच ओळखू येते. आमच्या काळी ग्रंथालय-परिचयाचा तास असे आणि मी मोठ्या हौसेने तालिकेचे खण उघडून लेखकपत्र, शीर्षकपत्र, विषयपत्र असे सगळे दाखवत असे. पुढच्या आठवड्यात तीच मुले देवघेवीच्या खिडकीशी येऊन ‘बाई, दुष्काळावर काही आहे का?’ असे विचारत, आणि मला त्यांचा राग येई. राग माझ्या तासाचा यायला हवा होता.

पहिला घटक आधी काढून टाका. ‘माहिती साक्षरता’ हा शब्दप्रयोग १९७४ साली अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी एका सरकारी आयोगाला सादर केलेल्या अहवालात केला. ते माहिती-उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने कामाच्या ठिकाणी माहिती वापरणारी माणसे होती. पुढे तिथल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० साली कौशल्यांची मानके केली, आणि २०१६ साली ती बाजूला ठेवून काही मूलभूत संकल्पनांवर उभी असलेली नवी चौकट स्वीकारली. हा इतिहास तुम्हाला उपयोगी आहे, कारण ज्या यादीवजा मानकांवर तुमचा आराखडा बेतलेला दिसतो, ती मानके करणाऱ्यांनीच सोडून दिली आहेत. जव्हारहून एसटीने येणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मात्र त्यातले काहीही माहीत असण्याची गरज नाही.

त्याऐवजी सुरुवात एका कोड्याने करा, आणि ते कोडे तुमच्या जिल्ह्यातच आहे. विद्यार्थ्यांना एवढेच सांगा की २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या शोधून आणा. काही जण १,१०,६०,१४८ हा आकडा आणतील, तर काही जण ८०,७०,०३२. दोन्ही आकडे २०११ चेच आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. मग तीस लाखांच्या आसपासची माणसे गेली कोठे? ती पालघरमध्ये आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला, आणि जनगणना झाली तेव्हा वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा हे आठही तालुके ठाण्यातच होते. या तालुक्यांची बेरीज २९,९०,११६ होते. ती अविभक्त ठाण्याच्या आकड्यातून वजा केली की दुसरा आकडा मिळतो. म्हणजे ‘२०११ च्या जनगणनेनुसार पालघर जिल्हा’ असे जे सर्रास लिहिलेले आढळते, ते त्या जनगणनेच्या मूळ तक्त्यांत तसे नाहीच. नंतर कोणीतरी तालुके मोजून केलेली ती बेरीज आहे.

या एका कोड्यात तुमच्या अभ्यासक्रमाचा निम्मा आशय बसतो. आकडा कोणी दिला, कधी दिला, तो ज्या गोष्टीचा आहे तिची हद्द तेव्हा कोठपर्यंत होती, मूळ तक्ता कोठे आहे आणि त्यावरून कोणी काय काढले, हे सगळे प्रश्न आपोआप उभे राहतात; ‘माहितीस्रोतांचे प्रकार : प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक’ हे प्रकरण वेगळे शिकवावे लागत नाही. याच्या जोडीला दुसरे काम द्या : २०२१ च्या जनगणनेनुसार तुमच्या तालुक्याची लोकसंख्या किती? भराभर आकडे येतील, कारण असे आकडे छापणारी संकेतस्थळे भरपूर आहेत. मग मुलांना सांगा की २०२१ ची जनगणना झालेलीच नाही, ती लांबत गेली आणि पुढची जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. तेव्हा तुम्ही आणलेला आकडा हा फार तर कोणाचा तरी अंदाज आहे. आपण स्वतः, आपल्याच हाताने, आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर आणले हे एकदा अनुभवाला आले की पुढच्या घटकांकडे मुले वेगळ्या नजरेने पाहतात. चित्रफितीतून हा धक्का देता येत नाही.

यानंतर शोधण्याची भाषा. इंग्रजीत तयार झालेल्या अभ्यासक्रमांचे मराठीकरण करताना ही बाजू हमखास निसटते, म्हणून इथे थोडे रेंगाळते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात आणि मूळ शब्दाचे रूपही बदलतात. ‘वीटभट्टी’ असे शोधणाऱ्याला ‘वीटभट्ट्यांवरील’ असे लिहिलेला लेख मिळेलच याची खात्री नसते. ‘वाडा’ शोधणाऱ्याला ‘वाड्यातील’ सुटू शकते आणि पेशव्यांचा शनिवारवाडा मात्र भरपूर मिळतो. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ, ‘वारली’ आणि ‘वार्ली’, रोमन लिपीत तर ‘व्ही’ने सुरू होणारी आणि ‘डब्ल्यू’ने सुरू होणारी अशी दोन्ही रूपे. १८८२ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये ठाण्याचे इंग्रजी स्पेलिंग आजच्यापेक्षा निराळे आहे, आणि ते माहीत नसेल तर जुने साहित्य डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाही. त्यात भर म्हणून युनिकोडपूर्व काळातील फाँट वापरून केलेल्या असंख्य मराठी पीडीएफ आहेत, ज्या वाचता येतात पण शोधता येत नाहीत, कारण संगणकाच्या लेखी त्यांतली अक्षरे मराठी नसतातच. विद्यार्थ्याला ‘या विषयावर मराठीत काहीच नाही’ असे वाटते, ते पुष्कळदा यामुळे.

म्हणून एक आठवडा केवळ शब्द जमवण्यासाठी द्या. जव्हार-मोखाड्यातून वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर होणारे स्थलांतर हा विषय घेतला, तर विद्यार्थ्याने आधी घरात बोलले जाणारे शब्द लिहावेत, मग वर्तमानपत्रातले, मग शासकीय कागदांतले, आणि शेवटी इंग्रजी संशोधनातले. ‘जगायला जाणे’ पासून ‘हंगामी स्थलांतर’ आणि तिथून ‘सीझनल मायग्रेशन’ असा हा जिना आहे. अवतरणचिन्हांत शब्दसमूह टाकणे, नको असलेला शब्द वजाचिन्हाने वगळणे, शोध सरकारी संकेतस्थळांपुरताच मर्यादित ठेवणे, या युक्त्या तासाभरात येतात. शब्दांचा जिना चढायला आठवडा लागतो. एन-लिस्ट आणि शोधगंगा त्यानंतर येऊ द्यात, तेही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे असलेल्या विद्यार्थ्याला त्यांची गरज भासेल तेव्हाच.

मिळालेल्या पानावर विश्वास ठेवावा की नाही, या घटकात तुम्ही दहा निकषांची तपासणी-सूची दिली आहे : पानावर लेखकाचे नाव आहे का, दिनांक आहे का, भाषा शुद्ध आहे का, वगैरे. सूची वाईट नाही, पण ती विद्यार्थ्याला त्याच पानावर खिळवून ठेवते आणि फसवणारे पान नेमके हेच सगळे नीटनेटके करून बसलेले असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी २०१७ साली मांडलेला एक अभ्यास तुम्ही जरूर पाहावा. त्यांनी दहा इतिहासतज्ज्ञ, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले, आणि त्यांतले बरेच जण अधिकृत भासणारे नाव व देखणी मांडणी यांना फसले. तपासनीसांनी मात्र पान फारसे न वाचताच नवा टॅब उघडला आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिले. नवे गाव लागले की तिथल्या सावकाराची चौकशी आपण त्याच्याच ओटीवर बसून करत नाही, शेजारीपाजारी करतो, तसाच हा प्रकार. तुमच्या दहा निकषांच्या जागी ही एकच सवय लावा. फक्त एक अडचण ध्यानात असू द्या : मोबाइलवर दोन टॅबांत ये-जा करणे संगणकाइतके सोपे नसते आणि अनेकांना दुवा दाबून धरला की तो नव्या टॅबमध्ये उघडता येतो हे ठाऊकच नसते, तेव्हा तेवढे प्रत्यक्ष करून दाखवा.

न सापडणाऱ्या पुस्तकांबद्दल. ती पुस्तके बहुधा विद्यार्थ्यांनी रचलेली नाहीत. चॅटजीपीटीसारख्या साधनाने रचून दिली आणि त्यांनी ती विश्वासाने उतरवली. ही साधने संदर्भसूची मागितल्यावर संदर्भसूचीसारखा दिसणारा मजकूर तयार करतात, आणि त्यातील नोंद खरी असेलच असे नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी अशाच साधनाकडून घेतलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. शिकलेसवरलेले वकील जिथे फसले तिथे तुमच्या दोन विद्यार्थ्यांना फार बोल लावू नका. बंदी घालून काही होणार नाही, कारण साधन त्यांच्या खिशात आहे. त्याऐवजी हेच काम द्या : आपल्या विषयावर पाच मराठी पुस्तके व लेख त्या साधनाला विचारा आणि प्रत्येक नोंद ओपॅकमध्ये, शोधगंगेवर किंवा अन्य ग्रंथालयाच्या तालिकेत शोधा, सापडली तर कोठे सापडली ते लिहा, नाही सापडली तर कोठे कोठे पाहिले ते लिहा. जुन्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आहेच. तिचा १८०० ते १९३७ पर्यंतचा खंड १९४३ साली निघाला. एका माणसाने पुस्तके धुंडाळून, नोंदी करून ती उभी केली हे मुलांना सांगण्यासारखे आहे, एरवी सूची म्हणजे काय याची त्यांना कल्पना येत नाही.

उतरवण्याचा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो केवळ ग्रंथपालाचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत इतरांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत. याचा परिणाम असा झाला आहे की वाङ्‌मयचौर्य म्हणजे एक टक्केवारी, आणि शब्द इकडचे तिकडे करून ती खाली आणली की आपण सुटलो, असे मुलांनाच काय, काही मार्गदर्शकांनाही वाटू लागले आहे. तुमच्या अभ्यासक्रमात टक्क्यांचा उल्लेखही करू नका. एक परिच्छेद वाचायला द्या, मोबाइल उलटा ठेवायला सांगा, आणि जे आठवते ते आपल्या बोलीत बोलून ध्वनिमुद्रित करून पाठवायला सांगा. मग त्यावरून लेखी चार ओळी आणि शेवटी स्रोत. बोलताना कोणी ‘सदर संशोधनाच्या अनुषंगाने’ असे म्हणत नाही. शिवाय ध्वनिफीत लहान असते, अडखळत्या रेंजमध्येही ती जाते.

आता तासांचा हिशेब. तीस तासांचा आकडा नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) कागदपत्रांसाठी आला असणार, आणि म्हणून तुम्ही तीस तास भरतील इतके घटक केलेत. तास भरायला आशय लागत नाही, काम लागते. दहा तास वाचण्या-पाहण्याचे आणि वीस तास शोधण्याचे अशी वाटणी करा, आणि बाराऐवजी पाच टप्पे ठेवा : कोडे, शब्द, पारख, नोंदी, आणि स्वतःचा प्रश्न. प्रत्येक टप्प्याला आठवडा पुरे, शेवटच्याला दोन. पहिले दोन तास मात्र ऑनलाइन घेऊ नका. संगणककक्षात किंवा वाचनकक्षात सर्वांना बसवून लॉगिन, पासवर्ड, एन-लिस्टची नोंदणी आणि अ‍ॅप उतरवून घेणे एवढेच करा. माझ्या अनुभवात ऑनलाइन अभ्यासक्रमातून मुले गळतात ती आशय कठीण म्हणून नव्हे, पहिल्या आठवड्यात पासवर्ड चालला नाही आणि विचारायची लाज वाटली म्हणून. मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली वापरणार असाल तर त्याच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये पाठ उतरवून ठेवता येतात. महाविद्यालयाच्या वायफायवर सोमवारी उतरवून घ्या आणि घरी जाऊन करा, अशी घडी बसवता येईल. व्हॉट्सअ‍ॅपचा गट आठवण देण्यापुरता ठेवा. गटावर उत्तरे मागवलीत की पहिल्याचे उत्तर साठांचे होते.

मूल्यमापनात चाळीस प्रश्नांची चाचणी पूर्ण रद्द करा आणि त्या जागी शोधनोंदवही घ्या. तिच्यात विद्यार्थ्याने दरवेळी लिहायचे की आज काय शोधत होतो, नेमके कोणते शब्द टाकले, कोठे टाकले, काय उघडले, काय सोडून दिले आणि का. शेवटच्या ‘का’लाच निम्मे गुण द्या. फसलेला शोध नोंदवण्याला गुण आहेत हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा, नाहीतर सगळ्यांचे सगळे शोध पहिल्याच फटक्यात यशस्वी झालेले तुम्हाला वाचावे लागतील. साठ नोंदवह्या तपासणे एका ग्रंथपालाला शक्य नाही, म्हणून पहिला गट पंचवीसचाच घ्या आणि प्राचार्यांना तसे लेखी कळवा. प्रत्येकाशी शेवटी पाच मिनिटे बोला. नोंदवहीतील एका ओळीवर बोट ठेवून ‘हे का सोडलेस?’ असे विचारले की नोंदवही कोणी लिहिली ते कळते.

सर्वांत महत्त्वाची तजवीज तुमच्या पत्रातच आहे, तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले नाही. भूगोलाच्या सरांनी प्रकल्प आणून तुम्हाला दाखवले. असा शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात नसतो. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत क्षेत्रप्रकल्पांना जागा आहेच. तेव्हा तुमच्या अभ्यासक्रमातील ‘स्वतःचा प्रश्न’ आणि त्यांचा प्रकल्प एकच असू द्या, आणि त्यांनी अंतर्गत गुणांपैकी थोडे तुमच्या नोंदवहीला द्यावेत असे त्यांना विचारा. सुटा, बिनगुणांचा, केवळ प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम मुले परीक्षा जवळ आली की सोडून देतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या संशोधन-नियतकालिके खुली करून देणाऱ्या योजनेविषयी तुम्ही स्वतंत्र घटक योजला आहे, तो वगळा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ही योजना केंद्र व राज्य सरकारांच्या उच्च शिक्षणसंस्थांसाठी आहे. खासगी संस्थेने चालवलेल्या अनुदानित महाविद्यालयाच्या मुलांना जे उघडता येत नाही त्याचे वर्णन ऐकवून काय साधणार? तुमच्यासाठी एन-लिस्ट आहे, आणि प्रथम वर्षासाठी ती पुरेशी आहे.

राहता राहिल्या आठ चित्रफिती. त्या टाकून देऊ नका. त्यांच्यावर तुमची एक सुट्टी खर्च झाली असणार. प्रत्येकीतून विद्यार्थी जिथे हमखास अडतो तेवढाच भाग, दोन-तीन मिनिटांचा, कापून घ्या आणि तो क्रमाने दाखवण्याऐवजी त्या त्या कामाखाली ‘इथे अडलात तर’ असे लिहून ठेवा. व्याख्या व इतिहासाची चित्रफीत तेवढी स्वतःजवळ राहू द्या. नॅकची समिती आली की ती दाखवायला उपयोगी पडेल.